मैदानाकडे पाठ

तोकुजी कोकुबुनने एकतीस वर्षे बेसबॉलच्या मैदानांवर घालवली आणि त्यातला एकही सामना पाहिला नाही. ही गोष्ट तो आपणहून कोणाला सांगत नसे, आणि विचारायचे कोणाला सुचलेही नाही.

मिनासे कागद कारखान्याच्या समर्थक पथकाचा तो म्होरक्या होता. म्होरक्याने लोकांकडे तोंड करून उभे राहायचे, मैदानाकडे पाठ. हातांत पांढरे मोजे, कपाळाला पट्टी. ढोलवाल्याला खूण करायची, आरोळीचा पहिला शब्द द्यायचा आणि लोकांचा आवाज वर ओढून धरायचा. ज्या म्हाताऱ्या फोरमनने त्याला हे काम शिकवले, त्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "मागं वळायचं नाही. तू वळलास की तीनशे माणसं गप्प झालीच म्हणून समज. खेळ लोकांच्या तोंडावर दिसतो, तिथंच बघायचा."

तोकुजी तसा बुजरा माणूस. दुकानात सुटे मागायचे तरी त्याचे कान लाल व्हायचे. पंधराव्या वर्षी डोंगरातल्या गावातून येऊन तो कारखान्याच्या वाळवणी खात्यात लागला. तिथे माणसापेक्षा उंच लोखंडी रोल रात्रंदिवस फिरत, त्यांच्यावरून ओला कागद धावे, आणि शेजारच्याला काही सांगायचे तर पोटातून ओरडावे लागे. त्यामुळे तोकुजीला बोलण्याच्या दोनच तऱ्हा आल्या, पुटपुटणे आणि गर्जना करणे. पुटपुटणे घरी चाले. गर्जना पथकाच्या कामी आली. मिनासेची आरोळीही त्या रोलांच्या तालातूनच निघाली होती. ती त्यानेच बसवलेली. "फिरू दे, फिरू दे, रोल फिरू दे, मिनासे!" शेवटच्या शब्दाआधी एक ठोका रिकामा सोडायचा. त्या रिकाम्या ठोक्यात तीनशे माणसे एकदम श्वास घेत, आणि तो श्वास ऐकायला तोकुजीला आरोळीपेक्षाही जास्त आवडे.

लोकांचे चेहरे वाचण्यात तो तरबेज झाला होता. डोळे डावीकडून उजवीकडे सरकले तर जमिनीवरून गेलेला चेंडू. हनुवट्या वर गेल्या तर उंच उडालेला. तोंडे उघडून तशीच राहिली तर झेल. घरी आला की बायको किनुए रेडिओवर ऐकलेले सांगे आणि दोघांचे जुळवून पूर्ण सामना तयार होई. मूलबाळ नव्हते. कंपनीच्या बिनलग्नाच्या पोरांचे जे वसतिगृह होते, तिथे किनुए स्वयंपाकाला होती. तिच्या हातचे खाऊन जे खेळाडू मोठे झाले त्यातला शेवटचा म्हणजे मामोरू निहेइ, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर. अठराव्या वर्षी आला तेव्हा एका वेळी पाच वाट्या भात खायचा. आता चौतिसाव्यात होता. लग्न होऊन वेगळा राहायला गेला तरी नवीन वर्षाला पहिला नमस्कार या दोघांनाच करी.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कॅन्टीनच्या फळ्यावर, आठवड्याच्या जेवणाच्या यादीशेजारी, एक कागद लागला. हंगाम संपल्यावर बेसबॉल संघ बंद करण्यात येत आहे. खाली शिक्का. लोकांनी तो वाचला, मग बुधवारी काय आहे ते वाचले आणि जेवायला बसले.

"टोकियोच्या राष्ट्रीय स्पर्धेला पोचलो तर वरचे फिरवतील निर्णय," असे काहीजण म्हणाले. तोकुजीने ते खरे धरले. जूनमध्ये विभागाच्या अंतिम सामन्यात मिनासेची गाठ नदीपलीकडच्या ताकाहारा सिमेंटशी पडली. तीस वर्षांचे वैर. अकराव्या डावापर्यंत सामना ताणला गेला आणि सिमेंटच्या याबुकी नावाच्या जाड्या फलंदाजाने चेंडू कुंपणापर्यंत मारला. तोकुजीने ते समोरच्या तोंडांवर पाहिले. तीनशे हनुवट्या वर गेल्या आणि खाली आल्याच नाहीत. तेवढ्यात संघ संपला.

पूर्ण संपला असे मात्र नाही. टोकियोच्या स्पर्धेला विभागातून जो संघ जातो, त्याला हरलेल्या संघांतून तीन खेळाडू उसने घेता येतात. उसन्याने गणवेश घालायचा त्या संघाचा, पण बाहीवर बिल्ला स्वतःच्या कंपनीचा. सिमेंटच्या कॅचरचे बोट मोडले होते. त्यांनी मामोरूला मागून घेतले. म्हणजे तळहाताएवढ्या बिल्ल्यापुरता मिनासेचा संघ जुलैपर्यंत शिल्लक राहिला.

तोकुजीच्या मनाने एकच गोष्ट घेतली. मामोरू टोकियोत बॅट घेऊन उभा राहील तेव्हा त्याला एकदा, शेवटचे, मिनासेची आरोळी द्यायची. संघाला निरोप द्यायचा तो फळ्यावरच्या कागदाने नाही, असा. आपली कंपनी बस काढणार नव्हती, पथकातली माणसेही पांगली होती. तेव्हा त्याने सिमेंटच्या पथकाच्या म्होरक्याला पत्र लिहिले. तीन वेळा लिहून फाडले, चौथे पोस्टात टाकले.

म्होरक्या मुनाकाता तिशीचा, उमदा. त्याने फोनच केला. "कोकुबुनसान, तुम्ही आमच्या बसमधून या. लहानपणी बापाबरोबर मॅचला यायचो तेव्हा तुम्हालाच बघायचो मी, पलीकडच्या स्टँडमधून. आम्ही पुढं असलो की स्टेज तुमचं. शब्द."

किनुएला हे पटले नाही. "शेजाऱ्याच्या मांडवात जाऊन तुम्ही कशाला ढोल बडवताय?" ती म्हणाली. "जायचं तर जा. पण एकदा तरी आपलं खाली बसून बघा की हो त्याला. सोळा वर्षं पोटात घास घातला त्या पोराच्या, आणि तो बॅट कशी धरतो ते तुम्हाला माहीत नाही."

"बघीन," तोकुजी पुटपुटला.

"बघीन नाही. बसा आणि बघा."

पहाटे पाचला नदीपलीकडे सिमेंटच्या फाटकापाशी बस उभ्या होत्या, चौदा; बाकीचे लोक आगगाडीने येणार होते. प्रत्येकाला करड्या रंगाचा सदरा, एक टॉवेल आणि कंपनीचे नाव छापलेला हातपंखा मिळत होता. तोकुजीने सदरा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग अंगातल्या सदऱ्यावरून चढवला. तो घट्ट बसला.

बसमध्ये बातमी आधीच पोचली होती. "ए, त्यांना पाण्याच्या पिंपापासून लांब बसवा रे," मागून कोणी ओरडले. "कागद आहे, भिजला तर लगदा व्हायचा!"

बस हसली. तोकुजीचे कान तापले. पण बेसबॉलच्या बसमध्ये गप्प बसणे म्हणजे अपमान झाल्यासारखे दाखवणे, हे त्याला कळत होते. तो खाली मान घालूनच म्हणाला, "आमचा निदान लगदा होतो. तुम्हाला पाणी लागलं की दगड होतो, मग जागचे हलत नाही."

"मारलं! पहिल्याच चेंडूवर मारलं म्हाताऱ्यानं!" शेजारच्या बाईने त्याच्या मांडीवर थाप दिली. ती शिगेको, सिमेंटच्या कॅन्टीनमधली. तिने पदार्थांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. ओनिगिरी, भाताचे मुठीएवढे गोळे, आत खारवलेले आंबट उमे फळ. "घ्या. आमच्याकडचा भात आहे, सिमेंट नाही घातलेलं. तुमच्या घरच्या नाही आल्या?"

"रेडिओ ऐकणारे ती."

"शहाणी बाई. घरी बसून जीव तरी कमी जळतो."

लोक चांगले होते, हेच त्याला जड जात होते. तीस वर्षे ज्यांचा द्वेष केला ती माणसे ओनिगिरी पुढे करतात, गार जवाचा चहा ओततात, आणि आपण घेतो. मिनासेची कोणी एक जरी व्यक्ती बसमध्ये असती तर तिच्याकडे बघून तो जरा हसला असता. सगळी बस करडी होती, आणि खिडकीच्या काचेत पाहिले तर तोही करडाच होता.

टोकियोच्या त्या मैदानाला पांढरे छप्पर आहे. आत शिरताना दाराशी आतला वारा तोंडावर येतो. आपला संघ पूर्वी तीनदा इथवर आला होता, शेवटच्या वेळी बारा वर्षांपूर्वी, आणि तिन्ही वेळा तोकुजीने हे मैदान पाठीमागे ठेवले होते. त्याला आठवत होता तो पायऱ्यापायऱ्यांवरचा मिनासेचा हिरवा रंग. आज त्या पायऱ्यांवर तीन हजार करडे सदरे बसत होते. पलीकडे समोरच्या संघाचे, नागोयाकडच्या हामानो मोटर्सचे, लाल सदरे दहा हजार तरी असतील. मध्ये बांधलेल्या स्टेजवर ढोल, मागे वाजंत्री, नाचणाऱ्या मुली, आणि मुनाकाता पांढरे मोजे घालून ताठ उभा.

तोकुजीला चौदाव्या ओळीत जागा मिळाली. सामना सुरू झाला आणि त्याला कळेना की हातांचे करायचे काय. मुनाकाताने आरोळी दिली की सगळ्यांबरोबर पंखे आपटायचे, एवढेच काम. तो ते अर्धा ठोका आधी करी, कारण एकतीस वर्षे तो लोकांच्या अर्धा ठोका पुढे राहत आला होता.

तिसऱ्या डावात मामोरू बॅट घेऊन आला. ध्वनिक्षेपकावर नाव पुकारले, "निहेइ, मिनासे कागद", उसन्या खेळाडूच्या कंपनीचे नाव सांगतात तसे. आणि न कळत, सवयीने, तोकुजी बसल्या जागी वळला आणि मागच्या ओळीतल्या लोकांच्या तोंडांकडे बघू लागला.

"अहो काका," मागचा पोरगेलासा कारकून गोंधळून म्हणाला, "मॅच तिकडं चाललीय. माझ्या तोंडावर काय बघताय?"

लोक हसले. तोकुजी हसला नाही, कारण त्याने त्या कारकुनाच्या तोंडावर तेवढ्यात पाहिले होते. पापण्या खाली आल्या, ओठ एका बाजूला गेले. मामोरू तीन चेंडूंत बाद झाला होता.

पाचव्या डावात शिगेकोने त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला समोर वळवून ठेवले. "हलायचं नाही. पुतळा व्हा." आणि तोकुजीने पाहिले. मामोरू किती लहान दिसत होता इथून. उजवा पाय दोनदा मातीत रुतवला, बॅट खांद्यावर थोडी आडवी, कोपर बाहेर. बाहीवर हिरवा ठिपका. चेंडू आला तो दिसलाच नाही, फक्त आवाज आला, मग पांढरे काहीतरी वर गेले आणि लाल संघाच्या खेळाडूने चार पावले मागे जाऊन सहज झेलले. एवढेच होते. लोकांच्या तोंडावर तो खेळ केवढा मोठा दिसायचा! तोकुजीला वाटले, आपण इथे बसून बघत राहिलो म्हणून तो झेल गेला. कोणी म्हणेल, हे वेडेपण आहे. पण हात मांडीवर ठेवून बसलेल्या माणसाला असेच वाटते. मुनाकाता सिमेंटचे गाणे म्हणत होता, सिमेंटच्या ढोलाचा ताल वेगळा होता, मामोरूला त्या तालावर मारता येत नसेल. आपला ताल हवा.

तेव्हापासून तो सामना बघत नव्हता, स्टेजकडे बघत होता.

आठव्या डावात सिमेंट तीन विरुद्ध एक असे मागे होते. दोन बाद झाले होते. पण तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या तिन्ही टप्प्यांवर, त्यांची माणसे होती आणि पुढची पाळी मामोरूची. वाजंत्री थांबली. मुनाकाता स्टेजवरून उतरून पायऱ्या चढत थेट चौदाव्या ओळीत आला. घामाने निथळत होता.

"कोकुबुनसान, चला. आता."

"आता? इतक्या अडीअडचणीच्या वेळी?" तोकुजी म्हणाला. "तुम्ही पुढं असाल तेव्हा म्हणाला होतात ना."

"आता नाही तर कधी? माणूस तुमचा उभा राहतोय. तुमचं काय असेल ते ओता."

शिगेकोने त्याचा हात धरला. "काका, बसा की. दोन मिनिटं बघा, काय होतंय ते." तिला किनुएचे बोलणे माहीत असायचे कारण नव्हते. कुठलीही बाई तेच म्हणाली असती. तोकुजी क्षणभर थांबला, ते खरे. पण पाय उठले होते.

मुनाकाताने आपले मोजे काढून त्याला दिले. ओले होते. तोकुजी स्टेजवर चढला, मैदानाला पाठ केली, आणि तीन हजार तोंडे समोर आली. सगळी अनोळखी. ढोलवाल्याला त्याने हाताने ताल दाखवला, ढोलवाल्याने दोनदा चुकून तिसऱ्यांदा पकडला. मग तोकुजीने पोट आत घेतले आणि वाळवणी खात्यात देत असे तशी हाक दिली.

"फिरू दे!"

पहिल्या फेरीला आवाज फाटका आला. रिकाम्या ठोक्यावर निम्मी माणसे पुढे धावली, कोणी हसले. दुसऱ्या फेरीला सावरले. तिसऱ्या फेरीला तीन हजार माणसांनी एकदम श्वास घेतला आणि मग छपराखाली जो "मिनासे!" उठला, तसा तोकुजीने आयुष्यात ऐकला नव्हता. स्वतःच्या तीनशे माणसांनी कधी दिला नव्हता. त्याच्या पायाखालची फळी थरथरत होती.

चौथ्या फेरीला समोरच्या चेहऱ्यांमध्ये काहीतरी हलले. काही तोंडे मिटली. काही डोळे त्याच्या डोक्यावरून मोठ्या फलकाकडे गेले, मग खाली मुनाकाताकडे. मुनाकाता स्टेजच्या पायाशी उभा राहून मैदानाकडे बघत होता. त्याने एकदा तोकुजीकडे पाहिले. तोंड उघडले, मिटले, आणि हाताने खूण केली, चालू ठेवा.

घाबरले आहेत, तोकुजीने वाचले. समोरच्याने दोन चेंडू सरळ टाकले असावेत. आता सोडायचे नाही. ध्वनिक्षेपकावर कोणी काही बोलत होते, पण वाजंत्री भरात होती. "निहेइ, मार!" असे तो ओरडला. परत आले ते नाव गढूळ होते, कोणी निहेइ म्हटले, कोणी दुसरेच काही. परक्या माणसांना नाव कुठून पाठ असणार! त्याने पुन्हा दिले, आणखी वरच्या आवाजात, मानेच्या शिरा फुगवून.

मग डोळे डावीकडून उजवीकडे धावले. हनुवट्या नाहीत, डोळे. जमिनीलगत, जोरात, फटीतून. आणि तोंडे उघडली, आणि ती तशीच राहिली नाहीत, फुटली. तीन हजार माणसे उभी राहिली. पंखे हवेत गेले. तो पोरगेला कारकून शेजारच्या साहेबाच्या गळ्यात पडला. शिगेको टॉवेल तोंडावर धरून उभी होती. एक धाव, बोटे सांगत होती, दोन, तीन.

तोकुजी रडत होता. उघड्यावर, हात वर तसेच धरून. एप्रिलपासून, नव्हे त्याच्याही आधीपासून साठलेले सगळे बाहेर येत होते. पोरा, मारलास. आपल्या तालावर मारलास. कोणी घड्याळ लावले असते तर ते सगळे अर्ध्या मिनिटाचे भरले असते.

आणि तेवढ्यासाठी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, तो वळला.

दुसऱ्या बेसवर एक जाडा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता, दात काढून हसत होता. पाठीवर तीन नंबर. याबुकी. मामोरूचा नंबर बावीस. तोकुजीने मैदानभर बावीस शोधला. तो खेळाडूंच्या बाकापाशी, पायरीवर उभा होता. शिरस्त्राण काखेत, बॅट नाही. टाळ्या वाजवत होता.

समोरच्यांनी डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणला होता आणि डावखुऱ्यांना याबुकी चांगला मारी, म्हणून सिमेंटच्या व्यवस्थापकाने उसन्या माणसाला परत बोलावून याबुकीला पाठवले होते. चौथ्या फेरीच्या वेळी. सगळ्या स्टँडने पाहिले होते. पाठ होती ती एकट्या तोकुजीची.

धाव झाली की म्होरक्याने धावेचे गाणे घ्यायचे असते. ढोलवाला त्याच्याकडे बघत थांबला होता. तोकुजी पुन्हा लोकांकडे वळला. सिमेंटचे गाणे त्याला तीस वर्षे वैऱ्याकडून ऐकून पाठ होते. त्याने हात उचलले आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतले, प्रत्येक धावेला एक, तीन वेळा. चेहरा हसरा ठेवायचा असतो, तो ठेवला.

खाली उतरल्यावर मुनाकाता म्हणाला, "मी थांबवायला हवं होतं तुम्हाला. पण लोक तालाला लागले होते... मध्येच तोडलं असतं तर..."

"बरोबर केलंत," तोकुजी म्हणाला. "तोडायचं नसतं." आणि मोजे काढून दिले.

चार विरुद्ध तीन असे सिमेंट जिंकले. खेळाडूंनी स्टँडसमोर रांगेत उभे राहून कमरेत वाकून नमस्कार केला. बावीस नंबर टोकाला होता.

खेळाडूंची बस लागते त्या तळाच्या दाराशी मामोरू दोन मिनिटांसाठी बाहेर आला. तोकुजीच्या अंगावरचा करडा सदरा बघून त्याला हसू आले. "काका, तुम्हालाही उसना घेतला वाटतं."

"अंगाला होत नाही."

"मलाही काखेत काचतो." त्याने काखेतले कापड ओढून सैल केले. "ऐकलं मी खाली. आपलं होतं. बाकावर बसून हातमोजे सोडत होतो. बाजूचे सगळे म्हणायला लागले, हे काय ओरडतायत, हे कुणाचं?"

"मला माहीत नव्हतं रे."

"कळलं ते. तुमची पाठ दिसत होती की." मामोरूने जमिनीकडे पाहिले. "साहेबांनी आधी विचारलं होतं मला. डावखुरा आलाय, बदली करू का? काय म्हणणार? पंगतीला बसलेल्या पाहुण्यानं वाढणाऱ्याचा हात धरायचा असतो का? म्हटलं, करा. आणि याबुकीनं मारला ना शेवटी."

"पुढची मॅच आहे. रविवारी."

"त्यांच्या कॅचरचं बोट बरं झालंय, काका. रविवारी तो खेळणार. मी बाकावर." आतून कोणी हाक मारली. "आलो! काकूंना सांगा... काय सांगायचं? सांगा, एक बरा बसला होता, झेल गेला. पाचव्या डावातला. तो तरी बघितलात ना?"

"बघितला," तोकुजी म्हणाला. "कोपर बाहेर येतं तुझं."

"सोळा वर्षांनी सांगताय होय!" मामोरू हसला, वाकून नमस्कार करून आत गेला. बिल्ला ज्या बाजूला होता ती बाही दारातून शेवटी दिसेनाशी झाली.

परतीच्या बसमध्ये भर दुपारी जत्रा भरल्यासारखी बिअर वाहत होती. कोणी चपला हातात घेऊन नाचत होते. रविवारपर्यंत हे मोजे धुणार नाही अशी एकाने शपथ घेतली, आणि शेजारच्याने लगेच जागा बदलली. शिगेकोने मात्र चहा ओतून पेला तोकुजीच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

अर्ध्या तासाने मुनाकाता दोन बाकांच्या मधून धडपडत आला आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसला. मान खाजवत होता.

"कोकुबुनसान, राग मानू नका. लोक ऐकत नाहीत. म्हणतात, त्या आरोळीवर तीन धावा आल्या, ती शकुनाची आहे. रविवारीही तीच पाहिजे. तुम्ही... शिकवाल का आम्हाला? नीट? तो मधला रिकामा ठोका कोणालाच जमत नाही."

तोकुजीला नाही म्हणायचे होते. पण तशी वेळ त्याच्यावर आयुष्यात फारशी आली नव्हती आणि तो शब्द तोंडात चटकन येईना. शिवाय हंगाम संपल्यावर ती आरोळी द्यायची तरी कोणी? आणि कोणाला?

तो उठला. बसच्या पुढच्या टोकाला जाऊन, रस्त्याकडे पाठ करून, दांडी धरून उभा राहिला. पंचेचाळीस तोंडे त्याच्याकडे वळली. त्याने हळू आवाजात ताल सांगितला, कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा. लोक मन लावून ऐकत होते. कारकुनाने तर वहीच काढली.

"मिनासेच्या जागी ताकाहारा म्हणायचं ना?" त्याने विचारले.

"हो. ते घाला."

"पण आमच्याकडं रोल कुठं आहेत फिरायला?" मागून प्रश्न आला.

मग एक पिकल्या केसांचा कामगार म्हणाला, "अरे, आपली भट्टी फिरते की! आडवी भट्टी, चोवीस तास फिरतेय."

"भट्टी! भट्टी फिरू दे!"

त्यांनी म्हणून पाहिले. तंतोतंत बसले. रोलापेक्षा बरे बसले, जोडाक्षरावर ढोल चांगला आपटत होता. इतकी वर्षे त्या जागी जणू हाच शब्द हवा होता. बस खूश झाली. मुनाकाताने त्याच्याकडे बघितले, चालेल ना, अशा नजरेने.

"चालेल," तोकुजी म्हणाला. "फक्त ठोका सोडताना घाई करू नका. पुन्हा एकदा."

आणि त्याने हात वर केला.